इतिहास मंडळाचे वर्षभराचे सभासदत्व : वाचनाची खोली उत्तम, व्यासपीठ सुमार

तालुक्याच्या गावांतून आज जी लहान इतिहास मंडळे चालतात, त्यांपैकी एका मंडळाचे वार्षिक सभासदत्व मी गेल्या एप्रिलमध्ये घेतले आणि मार्चअखेरपर्यंत त्याच्या जवळजवळ सर्व उपक्रमांना हजर राहिलो. मंडळाचे नाव येथे मुद्दाम देत नाही. खाली ज्या उणिवा सांगितल्या आहेत त्या एकट्या त्या मंडळाच्या नाहीत, आणि पदरमोड करून काम करणाऱ्या चार माणसांची नावानिशी तपासणी करणे मला योग्य वाटत नाही. सभासद होऊ इच्छिणाऱ्याला वर्गणीच्या मोबदल्यात काय मिळते, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

मंडळाचा माहितीपत्रकातला कार्यक्रम भरगच्च दिसतो : मोडी लिपीचा वर्ग, परिसरातील अवशेषांची पाहणी, हिवाळी व्याख्यानमाला, कागदपत्रांचे प्रदर्शन, वार्षिक अंक, आणि शेवटी सर्वसाधारण सभा. पत्रकात सर्वांत कमी जागा ज्या गोष्टीला दिली आहे, तीच प्रत्यक्षात सर्वांत मोलाची निघाली. ‘शनिवारी दुपारी दप्तरवाचन’ एवढीच ती नोंद आहे.

दप्तरवाचन म्हणजे एका जुन्या इमारतीतली मागची खोली, दोन लांब टेबले, एक कपाट आणि कपाटात कापडाच्या रुमालांत बांधलेली घराण्यांची कागदपत्रे. दर शनिवारी चार-पाच माणसे जमतात, एक रुमाल सोडला जातो, कागद एकेक करून सपाट केला जातो आणि सर्वांदेखत मोठ्याने वाचला जातो. वाचणारे मुख्य गृहस्थ निवृत्त तलाठी आहेत. सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांनी नोकरीत जुनी जमिनीची दफ्तरे पाहिली असल्यामुळे त्यांचा मोडीचा सराव पुस्तकी नाही, हाडीमाशी रुजलेला आहे. मायना वाचताच कागद सनद (हक्क किंवा इनाम देणारा सरकारी कागद) आहे, कौल (सवलतीचे लेखी आश्वासन) आहे की साधे खासगी पत्र, हे ते सांगतात, आणि शेवटी ‘मोर्तब सूद’, म्हणजे कागद संपल्याची मोहोर, दिसले की समाधानाने चष्मा काढून टेबलावर ठेवतात.

याच टेबलावर मी कालगणना शिकलो, आणि नुसत्या त्यासाठीसुद्धा वर्गणी वसूल झाली असे म्हणेन. जुन्या कागदावर सन अनेकदा अरबी शब्दांत लिहिलेला असतो आणि तो एकम स्थानापासून वाचायचा असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून 1161. हा सुहूर सन मृग नक्षत्राला बदलतो, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी त्यात 599 आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600 मिळवायचे. म्हणजे या सनातला जानेवारी महिना 1761 सालचा, अर्थात पानिपतच्या लढाईचा. त्याच दिवसाची शालिवाहन शकातली नोंद शके 1682, पौष शुद्ध अष्टमी अशी येते. तारखेपूर्वी येणारे ‘छ’ हे अक्षर चंद्राचे, म्हणजे मुसलमानी महिन्याच्या तिथीचे, हेही तेथेच कळले. एखाद्या घरगुती कर्जखताचे साल अशा रीतीने आपल्या हाताने निघते, तेव्हा होणारा आनंद कोणत्याही व्याख्यानात मिळत नाही.

मोडीचा वर्ग जूनच्या अखेरीस सुरू होतो आणि सुमारे तीन महिने चालतो. शिकवण्याची पद्धत चांगली आहे, कारण मुळाक्षरांच्या तक्त्यावर पहिले दोनच तास घालवून तिसऱ्या तासापासून अस्सल कागदांच्या छायाप्रती हातात दिल्या जातात. मोडीत आधी आडवी शिरोरेषा ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात, शब्दांत अंतर सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. त्यामुळे अक्षरे ओळखता येणे आणि मजकूर वाचता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्याच पत्राशी झटापट करताना समजते. अडचण वेगळीच आहे. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली, आणि वर्गात पूर्वीच्या मानाने फार मोठी गर्दी होऊ लागली, असे जुने सभासद सांगतात. त्यांतील निम्म्यांना केवळ जन्ममृत्यूच्या नोंदीतला जातीचा रकाना वाचता यायला हवा आहे. ही गरज खरी आहे आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही, परंतु शिक्षक एकच असताना दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांना एकाच खोलीत बसवल्याने दोघांचाही वेळ वाया जातो. मंडळाने दोन तुकड्या कराव्यात, ही माझी लेखी सूचना अद्याप विचाराधीन आहे.

पावसाळा संपल्यावर परिसराची पाहणी होते. आमच्या चार फेऱ्यांपैकी दोन वीरगळांसाठी, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांसाठी, होत्या. वीरगळ पाहण्यास आमच्या मंडळातल्यासारखा मार्गदर्शक मिळाला तर तो दगड खरोखर बोलू लागतो : सर्वांत खालच्या चौकटीत लढाई किंवा गुरे सोडवताना आलेले मरण, त्यावर अप्सरांनी वीराला स्वर्गात नेणे, त्याहून वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर कलश व चंद्रसूर्य. पाहणीच्या पत्रकात स्थान, उंची, रुंदी, चौकटींची संख्या आणि दगडाची सध्याची अवस्था यांचे रकाने आहेत, ही गोष्ट मला फार आवडली. मात्र एका फेरीत अक्षरे उठून दिसावीत म्हणून शिलालेखात खडू भरला गेला आणि कोणीही हरकत घेतली नाही. खडूने वाचक स्वतःला हवे तेच अक्षर रंगवतो आणि पुढच्या माणसाची दिशाभूल होते. सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरके ऊन, ते नसल्यास बाजूने धरलेला विजेरीचा झोत, एवढ्याने छायाचित्र पुरेसे स्पष्ट येते, आणि ठसा घ्यायचाच असेल तर तो ओल्या कागदाने जाणत्या माणसाने घ्यावा. इतिहासाच्या मंडळाला हे सांगावे लागावे, याचे मला वाईट वाटले.

व्याख्यानमालेविषयी थोडक्यात सांगतो, कारण थोडक्यातच सांगण्यासारखे आहे. पाच संध्याकाळी, पाच वक्ते, त्यांतले चार बाहेरून बोलावलेले, आणि चौघांचेही विषय गडकोट आणि लढाया यांभोवती फिरणारे. सभागृह भरते, टाळ्याही पडतात. पण कोणत्या कागदाच्या आधारे हे बोलले जाते असे विचारले की उत्तर मोघम मिळते. पाचवे व्याख्यान स्थानिक महाविद्यालयातील प्राध्यापिकेचे होते आणि त्याला जेमतेम तीस माणसे होती. पेठ वसवताना व्यापाऱ्यांना दिलेल्या कौलात काही वर्षांची करमाफी कशी लिहिली जाई, त्यावरून त्या पेठेत कोण कोठून आले हे कसे ताडता येते, आणि कौलातले आश्वासन पाळले न गेल्यास व्यापारी कसे निघून जात, हे त्यांनी दोन अस्सल कागद पडद्यावर दाखवून समजावले. संपूर्ण मालेत हे एकच व्याख्यान इतिहास मंडळाला शोभणारे होते.

प्रदर्शनाबाबत माझी तक्रार अधिक गंभीर आहे. जागतिक वारसा सप्ताहाच्या निमित्ताने, म्हणजे 19 ते 25 नोव्हेंबरच्या सुमारास, मंडळ तीन दिवस कागदपत्रे मांडते. या वर्षी नकला न मांडता अस्सल पत्रे खिडकीसमोरच्या फळ्यांवर टाचण्यांनी लावली होती. जुनी काजळीची शाई उजेडाने सहसा फिकी पडत नाही हे खरे, पण ती ओलाव्याने पसरते, आणि कागदाला उन्हाने झालेली इजा साठत जाते व भरून येत नाही. कागद जपण्याच्या शास्त्रात अशा वस्तूंवरचा उजेड 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास ठेवावा असे सांगतात. दुपारच्या खिडकीत तो त्याच्या कितीतरी पट असतो. त्याहून वाईट म्हणजे एका घराण्याने विश्वासाने दिलेली सनद ‘टिकावी म्हणून’ प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट केलेली होती. लॅमिनेशन कागदाला इजा न करता सोडवता येत नाही. तात्या तिच्यासमोर बराच वेळ उभे होते आणि काही न बोलता निघून गेले.

येथे एक विषयांतर क्षम्य मानावे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या हातकागदावरचे पत्र आजही लवचीक असते आणि 1930 च्या सुमाराचे वर्तमानपत्र घडी उघडताच तुटते, कारण लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात आम्ल असते आणि तेच त्याला आतून खाते. म्हणून मंडळाच्या कपाटात खरा धोका पेशवाईच्या रुमालांना नाही, तर खालच्या फळीवर दोरीने बांधून ठेवलेल्या स्थानिक साप्ताहिकांना आणि नगरपालिकेच्या छापील अहवालांना आहे. त्यांची छायाचित्रे आधी घ्यावीत, हे कार्यकारिणीला पटले आहे. काम सुरू व्हायचे आहे.

वार्षिक अंकात यंदा मोडीतील सात पत्रे मूळ छायाचित्र, देवनागरी लिप्यंतर आणि टिपांसह छापली आहेत, आणि ती पाने निर्दोष आहेत. जेथे अक्षर लागले नाही तेथे अंदाजाने शब्द न घालता टिंबे दिली आहेत. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हापासून मराठीत मूळ कागद जसाच्या तसा छापण्याची जी परंपरा रुजली, तिच्याशी ही पाने इमान राखतात. उरलेला अंक शुभेच्छा संदेश, सत्काराची छायाचित्रे आणि जाहिराती यांनी भरला आहे. जाहिरातींशिवाय अंक निघत नाही हे मान्य करूनही संदेशांना अकरा पाने द्यावीत असे मला वाटत नाही, विशेषतः मागील अंकांची सूची एकदाही छापलेली नसताना.

सूचीचा हा अभाव केवळ अंकापुरता नाही. शनिवारी वाचलेल्या कागदांची टिपणे वह्यांत होतात, वह्या कपाटात जातात, आणि कोणत्या रुमालात काय आहे हे तात्यांच्या स्मरणात राहते. बाहेरगावाहून एक संशोधक विद्यार्थिनी आली तेव्हा तिला हवा असलेला कागद तात्यांनी दहा मिनिटांत काढून दिला, आणि पुढच्या शनिवारी ते आजारी असल्याने त्याच रुमालातला दुसरा कागद कोणालाच सापडला नाही.

सर्वसाधारण सभेत हिशेब चोख मांडले गेले. मंडळाची नोंदणी 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशी दोन्हीकडे आहे, लेखापरीक्षण वेळेवर झालेले आहे, आणि व्यासपीठ, मंडप व सत्कार यांवरचा खर्च दप्तराच्या देखभालीवरील खर्चाच्या कितीतरी पट आहे, हे त्याच चोख हिशेबातून दिसते. सूचीसाठी एक संगणक आणि अर्धवेळ माणूस ठेवावा असा ठराव मी मांडला, तात्यांनी अनुमोदन दिले, आणि कार्यवाहांनी तो ‘पुढील बैठकीत विचारार्थ’ असे लिहून घेतला. मी पुढील वर्षाची वर्गणी त्याच सायंकाळी भरली आणि पावतीच्या मागे रुमाल क्रमांक 14 मधील अर्धवट वाचून राहिलेल्या पत्राचा सन लिहून ठेवला.