हार्डकोट म्हणून गोंद विकला: मोठी शिल्पं करणाऱ्यांनी वाचा

मी गोव्यातल्या पेडण्याचा. वीस वर्षं शिगम्याच्या चित्ररथांवर थर्माकोलचे हत्ती, गरुड, राक्षस कोरले. ते काम चार रात्रींचं. म्हापसा, पणजी, फोंडा फिरून झालं की हत्ती शेडच्या मागे. वरून इमल्शन फासलं, दिव्यांत चमकलं, झालं. १ जुलै २०२२ पासून सजावटीचं थर्माकोल देशभर बंद झालं आणि आमचं ते दुकान मिटलं. मग मी कायमच्या कामाकडे वळलो. आत थर्माकोलच्या फोमचा गाभा, वरून टणक कवच, म्हणजे हार्डकोट, असं बागेत उन्हापावसात उभं राहणारं शिल्प. कोरण्यात हात बसलेला होता. कवचातलं मला फारसं कळत नव्हतं आणि हे ज्याच्या लक्षात आलं त्यानेच मला गाठलं.

मांद्रेच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथल्या एका होमस्टेवाल्या वहिनींना अंगणात दहा फुटी कासव हवं होतं. पोरं पाठीवर चढणारच, हे त्यांनी आधी सांगितलं. चित्ररथाला आम्ही दहा-बाराची डेन्सिटी वापरायचो, इथे चोवीसची ठरवली. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. इतकी साधी गोष्ट, काटा असलेल्या कुणालाही तपासता येईल अशी.

विक्रेता घाटावरचा. सॅम्पल घेऊन स्वतः आला. वीतभर फोमचा तुकडा, त्यावर पांढरं टणक कवच. माझ्याच हातोडीने त्यावर घाव घातला, साधा पोचा पडला नाही. "सिंगल कंपोनंट पॉलियुरिया आहे, दादा. मशीन नको, काही नको. ब्रशने मारा." पॉलियुरिया म्हणजे फवारून बसवायचं चिवट प्लास्टिकसारखं कवच. ते फवारणारे लोक मी पाहिले होते. दोन वेगळे ड्रम, दोन्ही गरम करून खास गनमधून एकत्र मारतात. हे माहीत असूनही मी मनाशी म्हटलं, काहीतरी नवीन निघालं असेल. मशीनवाल्याला बोलावलं तर माझा निम्मा नफा जात होता. मला जे ऐकायचं होतं तेच तो बोलत होता.

माल आला. दहा ठोकळे, प्रत्येक एक मीटर बाय एक मीटर, जाडी अर्धा मीटर. टेंपोतून उतरवताना भाचा ओरडला, "मामा, दोन दोन एकदम आणतोय बघ!" मी हसलो. पाठ वाचली म्हणून बरंच वाटलं. अर्धा घनमीटर, डेन्सिटी चोवीस, म्हणजे एक ठोकळा १२ किलो भरायला हवा. पुढे उरलेला एक ठोकळा भुसाराच्या दुकानातल्या काट्यावर ठेवला तेव्हा ६ किलो ३०० ग्रॅम भरला. पण ते पुढे.

फोम कापायची तापलेली तार लोण्यातून जावी तशी गेली, तिने काहीच सांगितलं नाही. सांगितलं सुरीने. मानेच्या सुरकुत्या काढायला घेतल्या तर दाणे अख्खे उपटून येऊ लागले. जुन्या फोमचा भुगा पुन्हा भरून केलेल्या ठोकळ्यात दाणे एकमेकांना धरत नाहीत. मी पातं बदललं. मग दुसरं बदललं. दोन दिवस सुरीलाच शिव्या घातल्या.

कोटिंगची मी चाचणी केली नाही असं नाही. फायबरला लागणारं जीपी रेझिन उघड्या थर्माकोलवर पडलं तर त्यातलं स्टायरीन फोम खातं, बघता बघता खड्डा. थिनरवाला स्प्रे पेंटही तसाच. म्हणून कातरणावर हा हार्डकोट लावला, रात्रभर ठेवला. फोमला धक्का नाही. मी खूश. फोम न खाण्याचा गुण पाण्यातही असतो, हे तेव्हा सुचलं नाही. ड्रमला सुतारकामाच्या गोंदाचा वास येत होता, तोही भाच्याच्या लक्षात आला, माझ्या नाही.

तीन हात मारले, वाळल्यावर टकटक वाजायला लागलं. वर हिरवट रंग. मे अखेरीस कासव अंगणात बसलं, वहिनींनी नारळ वाढवला.

जूनच्या पहिल्या आठवड्यातच पाठ दुधाळ दिसायला लागली. रंगाखाली फोड आले, दाबलं तर दुधावरची साय दाबावी तसं. पुढचा डावा पाय मधोमध वाकला. कवच सुटलं तिथून मुंग्या आत शिरल्या आणि फोममध्ये बोगदे करत राहिल्या. पाहुण्यांचं एक पोर चढलं, त्याची टाच घोट्यापर्यंत आत. नशीब, लागलं नाही. वहिनी मला काही बोलल्या नाहीत. एक निळी ताडपत्री आणून त्यांनी कासवावर घातली. त्या ताडपत्रीपेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

घरी येऊन चाचणीचं तेच कातरण बादलीत टाकलं. सकाळी पांढरंफटक, नखाने सोलून निघालं. वाळल्यावर त्यावर लिंबू पिळलं तर फसफसलं, म्हणजे आत खडूची पूड. पांढरा गोंद आणि खडू, साडेपाचशे रुपये लिटर.

फोन केला. "दादा, तुमच्याकडे पाऊसच फार." दुसऱ्यांदा उचलला नाही. बिल काढून पाहिलं. 'थर्माकोल ब्लॉक, १० नग. कोटिंग, २ ड्रम.' ना डेन्सिटी, ना मालाचं नाव. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा लागत नाही. स्वतःच्या हातच्या कामावर पोट भरणाऱ्याला त्यात सूट आहे, म्हणून आशा होती. पण काय विकलं हेच बिलावर नसेल तर भांडायचं कशावर? विषय तिथेच थांबला.

कासव मी माझ्या खर्चाने सावरलं. सगळं कवच खरवडलं, मऊ गाभा तसाच ठेवून त्यावर काचेच्या विणलेल्या कापडाचे दोन थर इपॉक्सी रेझिनमध्ये बसवले. फायबरवाल्यांची नेहमीची मॅट घेतली नाही, कारण तिचा बाइंडर, म्हणजे धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ, बहुतेक वेळा स्टायरीनमध्ये विरघळायला केलेला असतो आणि इपॉक्सीत ती नीट बसत नाही. इपॉक्सी उन्हात पिवळं पडून पूड सोडतं, म्हणून वर दोन भाग मिसळून लावायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग. तोही फिका. गडद रंग मेच्या उन्हात तापतो आणि हा फोम ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. एकूण ३८ हजार गेले, दीड महिना वेगळाच.

आता शेडच्या दारात वजनकाटा आहे. पैसे नगावर नाही, किलोवर, आणि डेन्सिटी बिलावर लिहून. ताजा ठोकळा वाफेतून निघालेला असतो, आतलं पाणीही वजनात मोजलं जातं, म्हणून आठवडाभर सुकवून पुन्हा तोलतो. एका विक्रेत्याने यावर तोंड वाकडं केलं, त्याचा टेंपो परत पाठवला. कोटिंगचं सॅम्पल दुसऱ्याच्या हातचं बघतही नाही. सीलबंद ड्रम माझ्यासमोर फुटतो, त्यातलं मी लावतो, वाळलेला तुकडा सात दिवस बादलीत.

त्या दोन ड्रमांपैकी एकात थोडा माल अजून उरलाय. भाच्याने त्याने शाळेचा प्रोजेक्ट चिकटवला. चांगला चिकटला.