व्हिडिओत यान सरळ उडतं, घरी आल्यावर भिरभिरतं

विमान-यानांच्या गेमसाठीची वापरलेली जॉयस्टिक-थ्रॉटलची (दांडा आणि वेगाची मूठ) जोडी विकणारे हल्ली व्हिडिओ पाठवतात. ‘एलीट डेंजरस’ या अवकाशातल्या गेममधलं यान स्टेशनच्या मेलस्लॉटमधून, म्हणजे अरुंद दारातून, अलगद आत शिरतं आणि घेणारा पैसे पाठवून मोकळा होतो. पार्सल आलं की हात न लावताही यान एका बाजूला वळत राहतं. यान आपोआप सावरणारं फ्लाइट असिस्ट बंद केलं तर गरगरतंच. विचारल्यावर ठरलेलं उत्तर: “माझ्याकडे नीट चालत होती.”

चालतच होती! विकणाऱ्याने गेममध्ये यान वळवणाऱ्या अक्षाचा डेडझोन (मधला पट्टा, जिथली हालचाल गेम मोजत नाही) वाढवून ठेवलेला, त्यामुळे मधली थरथर गेमला कळतच नव्हती. पण डेडझोन काय नि विंडोजमधलं कॅलिब्रेशन (मध्य आणि टोकं जुळवून घेणं) काय, दोन्ही त्याच्याच कॉम्प्युटरवर राहतं. पार्सलमधून येते ती नुसती झिजलेली स्टिक.

‘हॉल सेन्सर (चुंबकाने, स्पर्शाविना हालचाल मोजणारा) आहे, झिजत नाही’ हे विकणाऱ्यांचं अर्धसत्य. थ्रस्टमास्टर कंपनीच्या टी.१६०००एम जॉयस्टिकमध्ये दांडा पुढे-मागे, डावी-उजवीकडे कलवण्याला हॉल सेन्सर आहे. दांडा पिळून यान वळवायचा ट्विस्ट मात्र पोटेन्शिओमीटरवर (घासून झिजणारा ‘पॉट’) चालतो आणि थरथर बहुधा तिथेच सुरू होते. अशा पॉटवर कॉन्टॅक्ट क्लीनर फवारला की तो काही दिवस शहाण्यासारखा वागतो. विक्री नेमकी तेवढ्यात उरकली जाते.

त्यामुळे गेमचा नको, टेस्टचा व्हिडिओ मागा. विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबून ‘जॉय डॉट सीपीएल’ (joy.cpl) लिहून उघडायचं, प्रॉपर्टीजमध्ये सेटिंग्ज, तिथे रीसेट टू डिफॉल्ट, मग टेस्ट. हात काढल्यावर झेड रोटेशनची, म्हणजे ट्विस्टची, पट्टी मधोमध स्तब्ध हवी. दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा सेकंद घेऊन पिळायचा; पट्टीने मध्येच उडी मारली तर पॉट गेला. थ्रॉटलही असाच सावकाश टोकापासून टोकापर्यंत सरकवून बघायचा. हात आणि स्क्रीन एकाच सलग चित्रणात दिसले पाहिजेत. टाळाटाळ झाली तर टोकनचे पाचशेही देऊ नका.

थ्रस्टमास्टरच्याच वॉर्टहॉगचा प्रकार वेगळा. ए-१० विमानाच्या दांड्याची ती जडजूड प्रतिकृती पाहून भुरळ पडते, पण तिला ट्विस्टच नाही. अवकाशात यान तीन अक्षांभोवती फिरतं आणि तीन दिशांना सरकतं, म्हणजे ट्विस्टचं काम करायला पायातल्या पेडलचा खर्च वेगळा. ‘सगळ्या गेमना चालते’ म्हणणारा हे सांगत नाही. टी.फ्लाइट हॉटास एक्स ही दुसरी जोडी ‘प्लेस्टेशनला चालते’ म्हणून खपवतात. तिच्या स्विचवर पीसी आणि पीएस३ (जुना प्लेस्टेशन ३) एवढंच लिहिलेलं असतं.

पैसे गेलेच, तर लगेच बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.