सव्हानातलं खाणं: काही महिन्यांच्या खेपांनंतरचं मत (भाजीत हॅम आहे का, आधी विचारा)

लेक सप्टेंबरपासून स्कॅडमध्ये, म्हणजे सव्हानातल्या कला-डिझाइनच्या कॉलेजात शिकतेय, त्यामुळे अटलांटाहून चार तास गाडी हाणत अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या या गावाला सारखं जाणं होतं. १७३३चं शहर, बावीस चौक, झाडांवरून लोंबणारं स्पॅनिश मॉस, हे सगळं तुम्ही फोटोत पाहिलेलं असणार. मी फक्त पोटापुरतं सांगतो. मी सगळं खातो. माझी बायको शाकाहारी, ही अंडंसुद्धा खात नाही. पैसे मी देतो.

लिहायला बसवलं ते फरसबीनं. मागच्या खेपेला नदीकाठच्या एका हॉटेलात हिनं नीट विचारून फरसबी मागवली. वाढणारा पोरगा म्हणाला, "येस मॅम, जस्ट बीन्स." अर्धी वाटी संपल्यावर तळाशी गुलाबी तुकडा. हॅम! मॅनेजरबाई आल्या आणि म्हणाल्या, ते फक्त चवीपुरतं असतं, बाजूला काढलं तरी चालेल. वाटीचे पैसे त्यांनी कमी केले. पण आम्ही सहा जण होतो म्हणून बिलात आधीच चढवलेली वीस टक्के टिप मूळ रकमेवरच राहिली. म्हणजे न खाल्लेल्या हॅमवरही टिप. रक्कम चिल्लर आहे, मला कळतं. तरी डोक्यातून जात नाही.

या भाज्यांची भानगड समजून घ्या. कोलार्ड ग्रीन्स नावाची पालेभाजी, फरसबी, चवळी, सगळं इथे हॅम हॉकबरोबर, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या, धुरी दिलेल्या हाडाबरोबर तासन्‌तास रटरटत ठेवतात. रीत गरिबीतली. मांस पानात वाढण्याइतकं नसायचं, मग एखादं हाड नाहीतर चरबीचा तुकडा अख्ख्या पातेल्याला चव द्यायचा. कोकणात वालात सोडे घालतात त्यातलाच प्रकार. हा स्वयंपाक मुख्यतः गुलामगिरीत राबणाऱ्या आफ्रिकी लोकांच्या हातून घडला. भेंडी आणि चवळीसुद्धा आफ्रिकेतूनच इकडे आल्या. पाला शिजून उरतं त्या पाण्याला पॉटलिकर म्हणतात. त्यात मक्याचा पाव बुडवून खाल्लात तर माझ्यासारखे गप्प व्हाल. माझी तक्रार पदार्थाबद्दल नाहीच. ‘व्हेजिटेबल प्लेट' असं ठसठशीत छापायचं आणि आत डुक्कर शिजवायचं, याबद्दल आहे.

तेव्हा "यात मीट आहे का" असं विचारू नका. त्यांच्या लेखी हॅम हॉक हे मीट नसून मसाला आहे. पोर्क, हॅम, बेकन, ब्रॉथ असं एकेक नाव घेऊन विचारा. रेड राइस दिसायला आपला टोमॅटो भात, पण त्यात बहुतेक वेळा सॉसेज किंवा बेकन असतं. मक्याच्या पावात आणि बिस्किटात (इथलं बिस्किट म्हणजे मऊ छोटा पाव) कधीकधी डुकराची चरबी असते. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या. सकाळी लोणी किंवा चीज घालून मिळतात त्या बहुधा निर्धोक. रात्री कोळंबीबरोबर येतात त्यांच्यावरच्या रश्श्यात हमखास बेकन. मला तो रस्सा फार आवडतो, हे हिच्यासमोर बोलत नाही.

दिवाळीच्या सुमारास मला कोणी विचारलं असतं तर शाकाहाऱ्यांनी दशम्या आणि मेतकूट बांधून न्यावं, असं मी बेधडक सांगितलं असतं. आता तेवढा कडक नाही. फोर्सिथ पार्कच्या दक्षिण टोकाला सेंटियंट बीन नावाचं कॉफीहाऊस आहे, तिथलं खाणं शाकाहारी. हिला एकही प्रश्न न विचारता जेवताना पाहिलं आणि शहराबद्दलचं माझं मत निम्मं तिथेच सुधारलं. शनिवारी सकाळी त्याच पार्कात शेतकऱ्यांचा बाजार भरतो. फळं घ्या, बाकावर बसा, वीस टक्के वाचवा.

दोनच दिवस असतील आणि सगळं खात असाल तर एक दुपार मिसेस विल्क्सच्या खाणावळीला द्या. जोन्स स्ट्रीटवर १९४३पासून. बुकिंग नाही, फक्त दुपारचं जेवण, बाहेर रांग. आत दहा-दहा माणसांची टेबलं, अनोळखी लोकांबरोबर बसायचं आणि तळलेली कोंबडी, भेंडी-टोमॅटो, रताळी, पाला यांच्या वाट्या हातोहात पुढे सरकवायच्या. शुद्ध पंगत. जेवून झालं की आपलं ताट आपण उचलून आत नेऊन ठेवायचं. ओबामा २०१० साली इथे जेवून गेले. शाकाहाऱ्याला मात्र पूर्ण पैसे देऊन इथे बसवणं म्हणजे शुद्ध नुकसान.

द ग्रे हे हॉटेल १९३८च्या जुन्या ग्रेहाउंड बसस्थानकात आहे. वर्णभेदाच्या काळात काळ्या आणि गोऱ्यांना वेगळं बसवणाऱ्या त्या इमारतीत आज मशामा बेली ही कृष्णवर्णीय शेफ स्वयंपाकघर चालवते. २०२२ साली तिला जेम्स बियर्डचा देशातल्या सर्वोत्कृष्ट शेफचा पुरस्कार मिळाला. जेवण उत्तम, बिल जबर. लेकीच्या वाढदिवसाला गेलो, पुन्हा पदवी मिळाली की जाऊ.

ब्रॉटन स्ट्रीटवरचं लिओपोल्ड्स आइस्क्रीम १९१९चं, रांग कायम, पण भरभर सरकते. टुटी-फ्रुटी घ्या; रमचा वास, साखरेत पाकवलेली फळं आणि जॉर्जियातले भाजलेले पिकान, म्हणजे अक्रोडासारखा सुका मेवा. घरात एकमत झालेली ही एकमेव जागा. नदीकाठी प्रालीनच्या, म्हणजे साखर-पिकानच्या चिक्कीवजा मिठाईच्या दुकानांत गरम तुकडा चवीला फुकट देतात. एका दुकानातून दुसऱ्यात गेलात तर जेवणानंतरचं गोड परस्पर उरकतं. त्या रस्त्याचा मला दिसलेला उपयोग इतकाच. गोड चहा, म्हणजे स्वीट टी, एकदा मागवला की ग्लास भरत राहतात. मी निम्मा बिनसाखरेचा घालून घेतो, नाहीतर दात शिवशिवतात.

राहिल्या शेंगा. अमेरिकेतला निम्म्याच्या आसपास भुईमूग एकट्या जॉर्जियात होतो, आणि मिठाच्या पाण्यात उकडलेल्या ओल्या शेंगा इथे पेट्रोल पंपावरही मिळतात. रटरटणाऱ्या भांड्यातून आपणच झाऱ्यानं काढून घ्यायच्या. साध्या घ्या, केजन मसाल्याच्या नको, त्यात नुसतं तिखट. कागदी ग्लास गळतो, म्हणून खाली पिशवी धरा. मीठ सढळ असतं. पहिल्यांदा घेतल्या तेव्हा हिनं पंपावरच्या पोरालाही पोर्कचं विचारून घेतलं. तो गोंधळला. म्हणाला, "मॅम, दे आर पीनट्स."