डिव्हाइसना मार्क देणारं सॉफ्टवेअर, दोन उन्हाळे वापरल्यावर

आधीच सांगते, टूलचं नाव लिहिणार नाहीये, आमचं कॉन्ट्रॅक्ट अजून चालू आहे. पण डिमांड रिस्पॉन्समध्ये (विजेची मागणी वाढली की ग्राहकांचा वापर थोडा वेळ कमी करायचा) काम करणारे आपले बरेच लोक पुण्यात आहेत आणि डेमो बघून सगळेच भुलतात (आम्हीपण भुललो), म्हणून लिहितेय. ५ पैकी साडेतीन स्टार.

आम्ही इथे खराडीत बसून कॅलिफोर्नियातल्या एका वीज कंपनीचा प्रोग्राम बघतो. तिकडे संध्याकाळी ४ ते ९ म्हणजे सगळ्यात कठीण वेळ, सोलर उतरत जातं आणि नेमके तेव्हाच लोक घरी येऊन एसी लावतात. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेचार. मग ज्या ग्राहकांनी परवानगी दिलीये त्यांचे थर्मोस्टॅट दोन-चार डिग्री वर सरकवायचे, वॉटर हीटर थांबवायचे, गाडीचं चार्जिंग पुढे ढकलायचं. ६ सप्टेंबर २०२२ ला तिकडची मागणी ५२,०६१ मेगावॉटला गेली होती, रेकॉर्ड, लोकांच्या मोबाइलवर वीज वाचवा म्हणून इमर्जन्सी अलर्ट गेले. असल्या दिवशी दिसेल त्याला हाक मारतात, पण एरवी थोडेच मेगावॉट हवे असतात तेव्हा कोणाला बोलवायचं? त्यासाठी स्कोअर. महावितरणचे भारनियमनाचे ए ते जी गट आठवतात ना, गळती आणि वसुली बघून फीडरला ग्रेड? तसंच काहीसं, फक्त इथे ग्रेड एकेका घरातल्या एकेका यंत्राला, आणि हुशार ठरलात तर सुटका नाही, उलट तुम्हालाच आधी बोलावणं.

आता टूल. नियम बनवायचं स्क्रीन खरंच छान आहे. शेवटचा सिग्नल कधी आला, मागच्या इव्हेंटला (म्हणजे कपातीच्या वेळी) किती किलोवॉट कमी केले, ग्राहकाने मधेच किती वेळा ऑप्ट-आउट केलं म्हणजे कपात नाकारली, प्रत्येकाला वजन द्यायचं आणि बेरीज १०० करायची, कोडिंग शून्य. बॅटरीला वेगळे नियम लावता येतात (२०% च्या खाली असेल तर बोलवूच नका, असं), तेही सोपं.

पण माहितीच आली नाही तर काय करायचं, यात गोची आहे. डिफॉल्ट सेटिंगमध्ये वाय-फाय गेलेल्या थर्मोस्टॅटचा ऑप्ट-आउट शून्य धरला जातो, म्हणून त्याला त्या रकान्यात पैकीच्या पैकी! म्हणजे गैरहजर पोराला वर्गात पहिला नंबर, का तर त्याने दंगा केला नाही. पहिल्या महिन्यात आमच्या यादीत सगळ्यात वर निम्मी मेलेली डिव्हाइसं होती आणि आम्ही आपले वजनं वरखाली करत बसलो होतो. उपाय सोपा निघाला, कनेक्टिव्हिटीला मार्क देऊच नका, तिला गेटकीपर करा, २४ तासांत सिग्नल नाही तर सरळ यादीबाहेर. पात्रता वेगळी आणि क्रमांक वेगळा, हे मॅन्युअलमध्ये पहिल्या पानावर हवं होतं, आहे कुठे तर परिशिष्टात.

परफॉर्मन्सचे मार्कपण जपून वापरा. किती कपात झाली हे मागच्या १० साध्या दिवसांच्या सरासरीशी तुलना करून काढतात. आता उष्णतेची लाट आली की आधीचे दहाही दिवस थंड असतात, एसी मुळातच जास्त ओढतोय, त्यामुळे बिचाऱ्याने इमानदारीत कपात केली तरी कागदावर ढ दिसतो. त्याच दिवसाच्या आधीच्या वापरावरून सरासरी वर-खाली करायचा टिकमार्क आहे, तो लावाच. मात्र इव्हेंटच्या आधी घर गार करून ठेवायचं प्री-कूलिंग तुम्ही देत असाल तर ते तास त्या हिशोबातून काढा, नाहीतर त्या जादा वापराने सरासरीच वर जाते, उलटी गंमत होते आणि सगळेच स्कॉलर.

ज्यासाठी दीड स्टार कापला ते वेगळंच. एका घराला आठवड्यात ३ पेक्षा जास्त वेळा त्रास द्यायचा नाही असा नियम लावला होता, कारण लोक वैतागले की ऑप्ट-आउट करत नाहीत, थेट प्रोग्रामच सोडतात. लाटेचा तिसरा दिवस, पहाटे चारला यादी काढली तर जवळजवळ रिकामी. झालं असं की टूल दिवस मोजतं यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) आणि कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात संध्याकाळचे ५ वाजले की यूटीसीची तारीख बदलते, मग ४ ते ८ चा एक इव्हेंट दोन दिवसांत पडला म्हणून दोनदा मोजला. दोन दिवसांत चार हजेऱ्या! शेवटी नियमच बंद केला आणि सगळ्यांना बोलावलं, माझा चहा तसाच गार. सपोर्टचं उत्तर दोन दिवसांनी, तेही "हे अपेक्षित वर्तन आहे".

तरी साडेतीन का? कारण जुन्या दिवसावर नवे नियम चालवून बघायची सोय आहे आणि प्रत्येक स्कोअरवर क्लिक केलं की मार्क कुठून आले ते दिसतं. आधीच्या टूलमध्ये नुसता आकडा यायचा, क्लायंटने विचारलं की आम्ही गप्प. आता फोनवरच उघडून दाखवते.

टाइमझोनचं सेटिंग ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये अगदी तळाला आहे, बदललं की स्कोअर परत मोजायचं बटण वेगळं दाबावं लागतं, आपोआप होत नाही.