निळ्या पोशाखातली मार्गारिता : कॅनव्हास प्रतीची पारख

मालवणातल्या एका फ्रेमच्या दुकानात स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझच्या ‘निळ्या पोशाखातील राजकन्या मार्गारिता’ या चित्राची कॅनव्हास प्रत करून मिळते. आकार ३६ × ३० इंच, दीड इंच जाडीची लाकडी चौकट, वर मॅट, म्हणजे न चकाकणारं वॉर्निश. छपाई उत्तम आहे. पाठीमागचं काम मात्र कोकणातल्या पावसाळ्याला पुरणारं नाही.

मूळ चित्र १६५९ सालचं, १२७ × १०७ सेंटिमीटरचं, व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे. मार्गारिता तेव्हा आठ वर्षांची होती. स्पेनचा राजा चौथा फिलिप याची ही मुलगी. सख्ख्या मामाशी, म्हणजे व्हिएन्नातल्या सम्राट पहिल्या लिओपोल्डशी तिचं लग्न घाटत होतं, आणि मुलगी कशी वाढतेय हे तिकडच्या दरबाराला दिसावं म्हणून माद्रिदहून व्हिएन्नाला तिची चित्रं जात. १६६६ मध्ये लग्न झालं. चार मुलांपैकी एकच मुलगी जगली आणि १६७३ मध्ये, २१ वर्षांची असताना, मार्गारिता गेली. हे ठाऊक असलं की तो फिकट, सावध चेहरा नीट दिसतो. बाजारातल्या बहुतेक प्रतींत गाल गुलाबी करून आणि त्वचा गुळगुळीत करून त्याची कॅलेंडरवरची बाहुली केलेली असते. या दुकानाने चेहऱ्याला हात लावलेला नाही, आणि प्रत घ्यावी ती मुख्यतः यासाठीच.

दुसरी परीक्षा पोशाखावरच्या चंदेरी पट्ट्यांची. जवळून ते नुसते तुटक फटकारे आहेत. सहा-सात फुटांवर गेलं की पोशाखावरची चंदेरी जर चमकू लागते. संगणकावर चित्र ‘शार्प’ केलं की प्रत्येक फटकाऱ्याला कडा येते आणि लांबूनही ते डागच दिसतात. इथे फटकारे मोकळे राहिलेत. निळा रंग किंचित भडक आहे, हातातल्या फरच्या मफचा (हात उबदार ठेवायच्या वेष्टनाचा) तपकिरी रंग तांबूस झालाय. मोठी छपाई करण्याआधी वीतभर तुकडा छापून मागावा आणि तो ट्यूबलाइटखाली न पाहता दिवसाउजेडी पाहावा. शाई पिगमेंटचीच (रंगाचे बारीक कण असलेली) हवी, डायची (विरघळलेल्या रंगाची) लवकर उडते.

मागणी देताना तीन गोष्टी बोलून घ्याव्यात. २४ × १८ इंचांचा आकार घेऊ नये: उंची २४ ठेवली तर रुंदी २० इंचांहून थोडी जास्त लागते, मग घेरदार झग्याच्या दोन्ही कडा कापल्या जातात. ३६ × ३० मध्ये जवळपास काही जात नाही. फाइल किमान ५४०० × ४५०० पिक्सेलची असावी. आणि चित्र चौकटीच्या कडेवर दुमडू देऊ नये, दुमडण्यासाठी वेगळा समास सोडायला सांगावं. शिवाय झगा निळाच आहे ना, तेही पाहावं. हिरव्या झग्यातलं बुडापेस्टचं चित्र तिच्याच चेहऱ्याचं, पण ते वेलाझ्केझचा जावई माझो याने काढलेलं.

आता पाठीमागची बाजू. दुकान साध्या लोखंडी पिना मारतं आणि मागे एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) ठोकतं. खाऱ्या हवेत पिना गंजून कॅनव्हासवर तांबूस डाग उमटतात, एमडीएफ ओल पिऊन फुगतं आणि आत बुरशी धरते. स्टेनलेसच्या पिना आणि पन्हाळी प्लॅस्टिकचा पत्रा मागितला तर दुकानदार लावून देतो, थोडे पैसे वाढतात. चौकटीच्या चारही कोपऱ्यांत लाकडी पाचरी असाव्यात; पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडला की त्या हलक्या हाताने ठोकून ताण परत आणता येतो. पाचरींशिवाय कोपरे पक्के खिळलेली चौकट घेऊच नये. पुढे काचही नको, आत दमट हवा कोंडते.

पडवीत किंवा पावसाची झड लागणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीवर हे चित्र लावू नये. माजघरातली आतली भिंत बरी, तीही देवघराच्या धुरापासून लांब. चौकटीच्या मागे खालच्या कोपऱ्यांना अर्धा इंच जाडीचे रबरी तुकडे चिकटवले की मागून वारा खेळतो. धूळ कोरड्या मऊ ब्रशनेच काढावी, ओलं फडकं किंवा काच पुसायचा स्प्रे वापरू नये. गणपती झाले की एकदा उतरवून मागची बाजू तपासावी; पांढुरके ठिपके दिसले तर घराबाहेर सावलीत वाऱ्यावर वाळवून मगच झटकावेत.