स्ट्राइकसाठी सरळ चेंडू की वळणारा?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची आमची पोरं पुण्याला किंवा गोव्याला गेली, की एखाद्या संध्याकाळी बोलिंगला जातातच, म्हणजे लेनवरून (लांब लाकडी पट्टीवरून) जड चेंडू घरंगळवून टोकाच्या दहा पिना पाडायला. पहिल्याच चेंडूत दहाही पडल्या की स्ट्राइक. पहिल्यांदा सगळेच सरळ टाकतात, आणि ते योग्यही आहे. फाउल लाइनपासून, म्हणजे चेंडू टाकताना जी ओलांडायची नसते त्या रेषेपासून, पहिली पिन 60 फुटांवर. तिच्याकडे बघू नका. लेनवर साधारण 15 फुटांवर काढलेल्या बाणांवर नजर ठेवा, नेम लगेच सुधारतो.

पण खरा फरक पिनांपाशी दिसतो. उजव्या हाताच्या खेळाडूला चेंडू 1 नंबरची (सगळ्यात पुढची) आणि 3 नंबरची (तिच्या उजवीकडे मागची) या पिनांमधल्या फटीत घालायचा असतो. नेमक्या स्ट्राइकमध्ये चेंडू स्वतः 1, 3, 5 आणि 9 याच पिनांना लागतो. बाकीच्या सहा पिना एकमेकींना पाडतात. सरळ चेंडू धडकेनंतर उजवीकडे ढकलला जातो आणि मधली 5 नंबरची उभी राहते. हलक्या चेंडूने तर हे हमखास. वळणारा चेंडू सुमारे 6 अंशांच्या कोनात आत शिरतो आणि मधोमध घुसतो.

त्यासाठी मनगट पिळू नका, दुखावेल. हस्तांदोलनाला हात पुढे करतो तसा ठेवा. अंगठा आधी सुटू दे, बोटं मागून. प्लॅस्टिकचा भाड्याचा चेंडू तेलकट लेनवर फारसा वळत नाही, तेव्हा निराश होऊ नका.

माझं मत वळणाऱ्याच्या बाजूने आहे. उरलेली एकटी पिन पाडायला मात्र सरळच टाका.