पाच बिंदू, आठ बिंदू की होमोग्राफी?

एकाच कॅमेऱ्याच्या दोन फ्रेम आहेत, दोन्हींत दिसणारे ठळक बिंदू (फीचर) जुळवून झाले आहेत. कॅमेरा किती वळला, कुठे सरकला हे काढायचं आहे. कॅलिब्रेशन (फोकल लांबीसारखी कॅमेऱ्याची मापं काढणं) केलेलं असेल तर सुरुवात पाच बिंदूंच्या पद्धतीने करा. तिच्यातून इसेन्शियल मॅट्रिक्स, म्हणजे वळण आणि सरकण्याची दिशा साठवणारी आकड्यांची चौकट मिळते. कारण साधं आहे: निम्म्या जोड्या चुकीच्या असतील, तर ९९ टक्के खात्रीसाठी रॅन्सॅकला (यादृच्छिक जोड्या पुन्हा पुन्हा निवडून चुकीच्या वगळणारी रीत) पाच बिंदूंवर १४६ फेऱ्या लागतात, आठ बिंदूंवर ११७७. निस्टर यांनी २००४ मध्ये मांडलेली ही रीत सपाट भिंतीसमोरही सहसा टिकते.

आठ बिंदूंची रीत १९८१ ची, लाँगेट-हिगिन्स यांची. लिहायला सोपी, पण आधी बिंदूंचा मध्य शून्यावर आणि त्यापासूनचं सरासरी अंतर √२ वर आणलं नाही, तर आकडे डळमळतात. सगळे बिंदू एका फरशीवर असले की ती फसतेच, आणि तरीही इनलायर (मॉडेलशी जुळणाऱ्या जोड्या) भरपूर दिसतात. कॅलिब्रेशन नसताना तिच्यातून फंडामेंटल मॅट्रिक्स (तशीच चौकट, पण पिक्सेलमधली) मिळते. खरं वळण मात्र त्या एकटीतून निघत नाही.

होमोग्राफीला (एका फ्रेममधला बिंदू थेट दुसरीतल्या बिंदूवर नेणारं रूपांतर) चारच बिंदू पुरतात, फेऱ्या ७२. ड्रोनमधून सपाट जमीन दिसतेय किंवा कॅमेरा ट्रायपॉडवर नुसता फिरतोय, तिथे हीच घ्या. सपाट दृश्यात होमोग्राफीचं वळण आणि सरकणं यांत विघटन केलं की चारपर्यंत उत्तरं येतात. बिंदू कॅमेऱ्यापुढे हवेत या अटीनंतरही अनेकदा दोन उरतात. मग जमिनीची दिशा माहीत असावी लागते.

दृश्य कसं असेल हे आधी सांगता येत नसेल, तर होमोग्राफी आणि फंडामेंटल मॅट्रिक्स ही दोन्ही मॉडेल चालवून गुणांची (जोड्या किती नीट बसतात याची) तुलना करा. ऑर्ब-स्लॅम या कॅमेऱ्यावरून जागा आणि नकाशा ठरवणाऱ्या प्रणालीच्या २०१५ च्या शोधनिबंधात एकूण गुणांत होमोग्राफीचा वाटा ०.४५ च्या वर गेला की तीच निवडतात.

इसेन्शियल मॅट्रिक्समधून सरकण्याची फक्त दिशा मिळते, मीटर नाहीत. ओपनसीव्ही या लायब्ररीचं रिकव्हरपोझ हे फंक्शन नेहमी १ लांबीचाच सदिश देतं, कॅमेरा जागचा हलला नसला तरी! म्हणून लगतच्या फ्रेम घेण्याऐवजी पुरेसा पॅरलॅक्स (जवळच्या आणि दूरच्या वस्तूंच्या सरकण्यातला फरक) येईपर्यंत थांबा.

एक चूक वारंवार दिसते. लेन्सची विकृती काढताना बिंदू नॉर्मलाइज होतात (पिक्सेलऐवजी फोकल लांबीच्या एककात येतात), पण इनलायर ठरवणारा थ्रेशोल्ड १ पिक्सेलचाच राहतो. त्या एककात १ म्हणजे जवळपास सगळंच इनलायर. फोकल लांबी ८०० पिक्सेल असेल तर थ्रेशोल्ड ०.००१२५ हवा.